गावठी की दुकानातलं? अंड्यांची चव घरच्या घरी नीट कशी तपासायची

गावठी अंड्याची चवच वेगळी, हे आपण सगळेच ऐकत आलोय आणि बरेच जण अगदी मनापासून सांगतातही, पण त्यांना विचारा की दोन्ही अंडी एकाच वेळी, एकाच पद्धतीने शिजवून, डोळे मिटून कधी शेजारी शेजारी खाऊन बघितलीत का, तर उत्तर जवळपास नेहमीच नाही असं येतं. एक अंडं कुणाकडे तरी पाहुणे म्हणून गेल्यावर निवांत बसून खाल्लेलं असतं आणि दुसरं सकाळच्या घाईत उकडलेलं, आणि मग निकाल लागतो. ही काही तुलना नव्हे. अंड्याच्या चवीत फरक असतो की नाही हे खरंच कळून घ्यायचं असेल तर दोन गोष्टी आधी सांभाळाव्या लागतात: दोन्ही अंड्यांचं वय सारखं हवं, आणि खाणाऱ्याला बलकाचा रंग दिसता कामा नये. बाकी सगळं यानंतर.

गावठी म्हणजे इथे मी मोकळ्या फिरणाऱ्या थोड्या कोंबड्या पाळणाऱ्याकडून थेट आणलेलं अंडं धरतेय. आणि दुकानातलं म्हणजे साधं पांढरं, ब्राऊन, ओमेगा-३ वालं, ऑरगॅनिक, केज-फ्री, जे काय शेल्फवर असेल ते.

कुठली अंडी घ्यायची

हौसेने सहा प्रकार आणू नका. जीभ दमते आणि शेवटी सगळंच सारखं लागायला लागतं. पहिल्यांदा दोनच प्रकार घ्या, फार तर तीन, आणि त्यातला एक म्हणजे तुमचं रोजचं अंडं. प्रत्येक प्रकारची आठ-दहा अंडी लागतील कारण काही फोडून बघायची आहेत आणि एकाच कोंबडीचं एखादं अंडं घेऊन अख्ख्या प्रकाराबद्दल बोलण्यात अर्थ नसतो.

निवडताना कवचाच्या रंगावर जाऊ नका. ब्राऊन की पांढरं हे कोंबडीच्या जातीवर ठरतं, अंडं बाहेर पडायच्या आधी अगदी शेवटी कवचावर तो रंग चढतो, आतल्या चवीशी त्याचा काही संबंध नाही. तसंच अंडं फलित आहे की नाही यानेही चव बदलत नाही. केज-फ्री आणि फ्री-रेंज हे शब्द कोंबडी कशी ठेवली ते सांगतात, आणि कोंबडीच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, त्यासाठी तुम्ही ती अंडी घेत असाल तर जरूर घ्या, पण चवीबद्दल ते शब्द थेट काहीच सांगत नाहीत. दार उघडं आहे म्हणून कोंबडी गवत आणि किडे खातेच असं नाही, बऱ्याच वेळा तिचं पोट समोरच्या त्याच तयार खाद्याने भरलेलं असतं. चवीच्या बाबतीत लेबलवरचा एकच शब्द खरोखर कामाचा आहे, तो म्हणजे ओमेगा-३, कारण त्याचा अर्थ खाद्यच वेगळं दिलंय. त्याच्याकडे पुढे येतेच.

आकार मात्र जमेल तितका सारखा बघा. छोट्या अंड्यात पांढऱ्याच्या मानाने बलक जास्त असतो, आणि अंड्याची चव म्हणून आपण जे ओळखतो ते बहुतेक सगळं बलकातच असतं. पांढरं म्हणजे जवळपास नव्वद टक्के पाणी आणि उरलेलं मुख्यतः प्रथिन, त्यात फॅट नावालाही नाही. बलकात निम्मं पाणी आणि साधारण एक तृतीयांश फॅट. गावठी अंडी बऱ्याचदा लहान असतात, त्यामुळे अख्खं अंडं खाल्लं की ते जास्त भरदार लागतं, आणि यात खाद्याचा काही वाटा नसला तरी असं होऊ शकतं. म्हणून बलक आणि पांढरं वेगवेगळं चाखायचं.

आधी वय जुळवा

इथे थोडा वेळ घालवा कारण माझ्या मते लोक ज्याला गावठी चव म्हणतात त्यातला मोठा भाग नुसता ताजेपणा असतो. थेट आणलेलं अंडं काल-परवाचं असतं. दुकानातलं गोळा होऊन, पॅक होऊन, गाडीतून येऊन, शेल्फवर बसून तुमच्यापर्यंत पोचतं, त्यात सहज एक-दोन आठवडे जातात. आणि या काळात अंड्यात खरोखर बरंच काही होतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहतो. कार्बन डायऑक्साइड गेला की पांढऱ्याचा पीएच ७.६ च्या आसपास असतो तो चढत चढत ९ च्या वर जातो, त्यातला घट्ट भाग सैल होतो, पाणी बलकात शिरतं, बलकाभोवतीचा पडदा ढिला पडतो, आणि आतली हवेची पोकळी मोठी होते. बाहेर ठेवलेलं अंडं एका दिवसात तितकं जुनं होतं जितकं फ्रीजमध्ये व्हायला कित्येक दिवस लागतात.

म्हणून पॅकवर एक्सपायरी नाही, पॅकिंगची तारीख बघा. थेट आणणार असाल तर पाळणाऱ्याला सरळ विचारा की कधीची आहेत, आणि नुसतं ताजी आहेत असं उत्तर आलं तर परत विचारा, कुठल्या दिवशी उचलली. मग दुकानातल्या पॅकची तारीख आणि यांचा दिवस जितका जवळ आणता येईल तितका आणायचा. गावठी फारच ताजी मिळाली तर ती सरळ फ्रीजमध्ये ठेवून काही दिवस थांबा, घाई काय आहे. दोन्ही अंडी शेजारी, त्याच कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण त्याच छिद्रांतून बाहेरचे वासही आत शिरतात आणि कापलेल्या कांद्याशेजारी चार दिवस बसलेल्या अंड्याची चव तपासून काही कळणार नाही.

तारखेवर भरवसा नसेल तर घरच्या दोन परीक्षा आहेत. एक पाण्याची: ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, थोडं जुनं झालं की बोथट बाजू वर करून उभं राहायला लागतं, आणि तरंगलं तर ते या खेळात घेऊच नका. दुसरी मला जास्त आवडते. दोन्ही प्रकारचं एक एक अंडं सपाट पांढऱ्या प्लेटवर फोडा आणि खाली वाकून बाजूने बघा. ताज्या अंड्याचं पांढरं दोन थरांत दिसतं, बलकाभोवती एक जाडसर उंच वर्तुळ आणि त्याच्या बाहेर पातळ कड, आणि बलक त्यावर टम्म बसलेला असतो. अगदीच ताजं असेल तर पांढरं किंचित धुरकट दिसतं, तो विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, त्याला खराब समजू नका. जुन्यात ते वर्तुळ विरून सगळं पांढरं प्लेटभर पसरतं आणि बलक चपटा होतो. या जाड थराची उंची मोजूनच व्यवसायात अंड्याची प्रत ठरवतात, हॉ युनिट म्हणतात त्याला, १९३७ पासून ते चालत आलंय. तुम्हाला मोजायची गरज नाही, दोन प्लेटी शेजारी ठेवल्या की डोळ्यांनाच कळतं वयं जुळली की नाही. बलकाच्या दोन बाजूंना पांढऱ्या दोऱ्या दिसतील, त्या बलकाला मधे धरून ठेवतात, ताज्या अंड्यात जास्त ठळक असतात. लाल ठिपका दिसला तरी घाबरू नका, तो अपायकारक नसतो.

बलकाचा रंग आणि खाद्य

गडद केशरी बलक बघितला की आपण खायच्या आधीच ठरवून टाकतो की हे चविष्ट असणार. हा रंग येतो कॅरोटिनॉइड्स नावाच्या रंगद्रव्यांमधून, आणि ती कोंबडीला मिळतात मका, हिरवा पाला, आणि झेंडूच्या पाकळ्यांचा किंवा लाल मिरचीचा अर्क यांतून, जो अर्क व्यावसायिक खाद्यात मुद्दाम रंगासाठीच घातला जातो. पोल्ट्रीवाल्यांकडे रंगाच्या पट्ट्यांचा पंखा असतो, १ ते १५ नंबरांचा, आणि हवा तो नंबर खाद्यातून आणता येतो. म्हणजे मोकळ्या फिरलेल्या कोंबडीचा बलकही केशरी असू शकतो आणि पिंजऱ्यातल्या कोंबडीचाही. गहू किंवा ज्वारीवर वाढलेल्या कोंबडीचा बलक फिकट असतो, पण म्हणून तो बेचव नसतो.

चव बदलते ती खाद्यातल्या फॅटने, कारण कोंबडी जे तेल खाते त्याचा ठसा बलकातल्या फॅटवर उमटतो. ओमेगा-३ वाल्या अंड्यांसाठी जवस, माशाचं तेल किंवा शेवाळ देतात, आणि त्याचं प्रमाण जास्त झालं की काही जणांना बलकात किंचित वशट वास येतो, माशाकडे झुकणारा. हा वास सगळ्यांना सारखा जाणवत नाही. काही ब्राऊन अंडी देणाऱ्या जातींमध्ये तर एक जनुकीय दोष असतो, त्यांना माशासारख्या वासाचं ट्रायमिथाइलअमाइन हे रसायन नीट पचवता येत नाही, मग मोहरीवर्गातल्या बियांची पेंड किंवा फिशमील खाल्लं की तो वास सरळ अंड्यात उतरतो. मोकळ्या कोंबडीचंही तसंच आहे, ती काय टिपते यावर तिचा बलक ठरतो, आणि ऋतूप्रमाणे तिचं खाणं बदलतं, त्यामुळे आज आणलेलं गावठी अंडं आणि चार महिन्यांनी आणलेलं यांत फरक पडला तर नवल नाही. दुकानातल्याचं खाद्य वर्षभर तेच, म्हणून तेही तसंच.

शिजवायचं कसं

कच्चं चाखू नका. साल्मोनेलाची भीती गावठीला नसते हा गैरसमज आहे, जीवाणू लेबल वाचत नाहीत. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस चाखणार असेल तर पूर्ण शिजलेलंच द्या.

तुलनेसाठी उकडलेलं अंडं सगळ्यात बरं कारण त्यात तेल, तवा, हात यांचा वाटा नसतो. अंडी एकाच तापमानाची हवीत, सगळी सरळ फ्रीजमधून. कवचावर पेन्सिलने खूण करा, अ आणि ब, पेन्सिल पाण्यात जात नाही. सगळी एकाच भांड्यात, उकळत्या पाण्यात किंवा वाफेवर एकदम घाला आणि मध्यम आकाराला साधारण १२ मिनिटं देऊन लगेच गार पाण्यात टाका. याच्यापुढे शिजवत बसू नका. पांढऱ्यातून गंधकाचा वास असलेला वायू सुटतो, तो बलकातल्या लोहाला भेटला की बलकाच्या कडेला हिरवट-करडी रेघ येते, आणि जुन्या अंड्यात पीएच जास्त असल्यामुळे हे आणखी लवकर होतं. मग लोक म्हणतात दुकानातल्याला वास येतो, आणि वास असतो जास्त उकडल्याचा.

सोलताना एक गंमत होते जी अख्खी चाचणी फोडू शकते. ताज्या अंड्याचं पांढरं आतल्या पडद्याला घट्ट चिकटलेलं असतं, कवचाबरोबर त्याचे तुकडे निघतात आणि अंडं खडबडीत होतं, जुनं मात्र गुळगुळीत सुटतं. वयं थोडी जरी मागेपुढे असतील तरी नुसतं बघून कळतं कुठलं कुठलं. वाफेवर शिजवलं तर सोलायला सोपं जातं, पण त्यावरही विसंबू नका. सोलणारा माणूस वेगळा आणि चाखणारा वेगळा ठेवा, आणि अख्खं किंवा अर्धं अंडं समोर ठेवूच नका.

त्याऐवजी असं करा. प्रत्येक प्रकारच्या चार अंड्यांचे बलक काढून एका वाटीत काट्याने बारीक कुस्करा, मीठही नको, दुसऱ्या प्रकारचे दुसऱ्या वाटीत. चार एकत्र केले की एखाद्या अंड्याचा वेगळेपणा त्यात मिसळून जातो. वाट्या कोमट पाण्याच्या ताटात झाकून ठेवा कारण गार बलकाचा वास येत नाही आणि वास नसेल तर चवीत राहतं काय. दोन्ही सारखेच कोमट हवेत, एक कोमट आणि एक गार असं झालं तर तेवढ्यानेच ओळखता येईल. पांढरं बाजूला बारीक चिरून ठेवा, ते नंतर.

चाखायची पद्धत

नुसतं हे अ, हे ब, कुठलं आवडलं असं विचारलं तर प्रत्येक जण काहीतरी उत्तर देतोच, फरक कळलेला असो वा नसो. त्यापेक्षा तीन चमच्यांची पद्धत वापरा. तीन सारखे चमचे, दोनांत एकच बलक आणि तिसऱ्यात दुसरा, आणि चाखणाऱ्याला फक्त एवढंच विचारायचं की वेगळा कुठला. अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक. मांडणीचे बरोबर सहा प्रकार होतात, अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब, म्हणजे फासा टाकून कुठली मांडणी ते ठरवता येतं आणि वाढणाऱ्याला नकळत लागलेली सवय आड येत नाही. चमच्यात थोडंसंच घ्या, चिमूटभरापेक्षा जरा जास्त, नाहीतर सहा फेऱ्यांत पोट भरतं.

चाखणाऱ्याचे डोळे बांधा. कुणाला ते नको वाटत असेल तर खोलीत फक्त लाल दिवा लावा, लाल उजेडात पिवळा आणि केशरी वेगळा ओळखणं फार अवघड जातं. ऑम्लेट चाखायचं असेल तर फेटतानाच खायचा रंग घाला, दोन्हीत सारखा आणि गडद, हिरवा छान झाकतो. वाढणाऱ्याने बोलायचं नाही आणि चेहरा पण दिसू द्यायचा नाही, हे लहान वाटतं पण भुवया उंचावल्या की कळतंच समोरच्याला.

बलक लगेच गिळू नका. जिभेने टाळ्याला लावून पसरवा आणि नाकातून श्वास सोडा, वास तेव्हा कळतो. पहिल्यांदा पोत येतो, हा खडूसारखा भुसभुशीत आहे की मऊ होऊन पसरतोय, मग गोडसर-तुपकट चव, आणि गिळल्यावर काही सेकंदांनी जे मागे राहतं ते. वशटपणा बहुतेक वेळा या शेवटच्या भागातच सापडतो, त्यामुळे घाईने पुढचा चमचा घेतला तर तो निसटतो. प्रत्येक चमच्यानंतर कोमट पाण्याची चूळ, आणि फेरी संपली की एक कोरा पावाचा तुकडा.

सहा फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने दोनच्या आसपास बरोबर येतात. चार बरोबर आल्या तरी लगेच नाचू नका, चार किंवा जास्त हे नशिबानेही शंभरात दहा वेळा होतं. पाच किंवा सहा बरोबर आल्या तर ते नशिबाने होण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी, म्हणजे तुम्हाला खरंच फरक कळतोय असं मानायला हरकत नाही. मग आणि मगच विचारा की कुठलं आवडलं आणि का. पांढऱ्याचीही अशीच चाचणी करता येते, पण आधीच सांगते, त्यात पोतच जास्त कळतो, ताज्याचं मऊ आणि जुन्याचं रबरी बाजूला झुकणारं, चव अशी फारशी हाताला लागत नाही.

निकालाचं काय करायचं

वय जुळवून आणि रंग झाकून केलं की बऱ्याच जणांना साधं दुकानातलं आणि गावठी वेगळं करता येत नाही, निदान माझ्या घरच्यांना आणि ओळखीतल्यांना तरी बहुतेक वेळा आलं नाही, आणि ज्यांना आलं त्यांनी वासावरून पकडलं. ओमेगा-३ वालं मात्र बऱ्यापैकी ओळखू येतं. म्हणून गावठीत काही विशेष नाही असा निष्कर्ष मी काढणार नाही, कारण हिरवळीवर, किड्यांवर, वेगवेगळ्या दाण्यांवर वाढलेल्या कोंबडीचं अंडं खरोखर वेगळं लागू शकतं, फक्त ते प्रत्येक गावठी अंड्यात असेलच असं धरून चालायचं नाही. ज्या माणसाकडून घेता त्याला कोंबड्या काय खातात ते विचारा, तेवढ्या एका प्रश्नातून लेबलपेक्षा जास्त कळतं.

आता हाच खेळ दुसऱ्या बाजूने करून बघा, आणि हा मला पहिल्यापेक्षाही जास्त कामाचा वाटतो. एकाच ठिकाणची अंडी घ्या, एक खेप तीन आठवडे फ्रीजमध्ये ठेवलेली आणि एक अगदी ताजी, आणि तीच तीन चमच्यांची चाचणी करा. त्याच्या जोडीला दोन्ही पाण्यात फोडून पोच करा. ताजं गोळा होऊन राहतं, बलकाभोवती पांढरं गुंडाळलं जातं, जुन्याचे तंतू पाणीभर सुटतात. इथे फरक डोळ्यांना, जिभेला, सगळ्यांनाच कळतो आणि तो बऱ्याचदा गावठी-दुकानातल्या फरकापेक्षा मोठा निघतो.

यावरून खरेदी सोपी होते. पोच, हाफ फ्राय किंवा मऊ बलकाचं उकडलेलं करायचं असेल तर ताजं अंडं शोधा, तिथे पैसे आणि पायपीट वसूल होते, आणि चांगल्या खाद्यावरचं मिळालं तर त्याचीही चव इथेच कळेल. केकमध्ये किंवा भरपूर मसाल्यात जाणार असेल तर जवळचं, साधं, तारीख बघून घेतलेलं पुरे. आणि नुसती उकडून सोलून द्यायची असतील, पाहुण्यांसाठी वगैरे, तर मुद्दाम आठवडा-दहा दिवसांची घ्या, सोलताना त्रास होणार नाही.

उरलेला कुस्करलेला बलक आणि पांढरं एकत्र करून मीठ-मिरपूड घालून त्याच दिवशी पावाला लावून संपवा. न सोललेली उकडलेली अंडी उरली तर फ्रीजमध्ये आठवडाभर चालतात, पेन्सिलची खूण तशीच राहू द्या म्हणजे उकडलेली कुठली आणि कच्ची कुठली हा गोंधळ होणार नाही.